तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

१९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. नमस्कार.

इतके महिने पत्र नाही, धड फोन नाही, याबद्दल आधी माफी मागतो. कामात होतो असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. काम तर उन्हाळ्यापासून कमीच होत गेलं. लिहायला बसायचो, खुशालीचं वाक्य जमायचं, आणि पुढे तू रागावली आहेस असं धरून लिहायचं की नाहीस असं धरून, हे ठरायचं नाही. मग कागद तसाच राहायचा. आजही ठरलेलं नाही. पण आज बातमी आहे, म्हणून लिहितो.

मी निवृत्त होतोय. हसू नकोस. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणूस एक तर बढती घेतो नाहीतर पथ्य सुरू करतो. मी निवृत्त होतोय. कंपनीने इथलं ड्रॉइंग ऑफिस बंद करायचं ठरवलं. माझं काम तुला कधी नीट सांगितलं नव्हतं बहुतेक. मोठ्या इमारतींमधून हवा खेळवायला पत्र्याच्या चौकोनी नळ्या फिरवतात, त्यांचे नकाशे दुसरे लोक काढतात आणि मी लाल पेन्सिल घेऊन तपासतो. उभी नोकरी दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेली. आता तपासणी दुसऱ्या शहरात होणार आणि जुन्या लोकांना 'सन्मानाने मोकळं' करणार. निरोपाच्या भाषणात साहेबांनी माझं नाव दोनदा घेतलं, दोन्ही वेळा वेगवेगळं. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

अडचण अशी की माझा इथे राहायचा परवाना नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली की वर्षअखेरपर्यंत मुदत. तेवढ्यात अर्धवेळ काम मिळालं, आठवड्यातून निदान चार अर्धे दिवस, तर परवाना पुढे चालू राहतो. नाही मिळालं तर गाशा गुंडाळायचा.

म्हणजे प्रश्न सरळ आहे: राहायचं की यायचं. आणि मला त्याचं उत्तर येत नाही, ताई. नकाशात चूक असली तर मला लांबून दिसते. इथे सगळ्या रेघा बरोबर वाटतात आणि नळी मात्र भिंतीत घुसते.

भावोजी गेल्यावर तू फोनवर म्हणाली होतीस, "आता परत ये. मागची खोली तुझीच आहे." मी म्हणालो होतो, "नको गं, तुला कशाला अडचण." त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस. मीही काढला नाही. आपले फोन आखडत गेले ते तेव्हापासून, की माझी ही कल्पना आहे? बहुतेक कल्पनाच असेल. (वरचं वाक्य मी तुला बरं वाटावं म्हणून लिहिलंय. खोडत नाही.)

इथे आपल्याकडचे एक गृहस्थ आहेत, सत्तरीचे. सगळ्यांना सुधारत असतात म्हणून आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. ते निवृत्तीनंतर शाळेसमोर हातात पाटी घेऊन मुलांना रस्ता ओलांडून देतात. त्यांना बातमी सांगितली तर म्हणाले, "वा! म्हणजे आता पुन्हा उमेदवारी. पहिल्या वेळी पोटासाठी केलीस, आता कशासाठी करणार ते ठरव."

"कशासाठी करू?"

"मला काय विचारतोस? मी हिच्या कटकटीतून सुटायला पाटी धरली. तुला तर कटकट करायलाही कुणी नाही."

माझी तब्येत ठीक. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझा,
धाकटा

६ ऑक्टोबर

ती. ताईस,

तुझं उत्तर मिळालं. तीन ओळी. "पत्र मिळालं. तब्येतीला जप. मागची खोली रंगवून घेतली."

तपासनीसाची खोड म्हण, मी तिसरी ओळ पुष्कळ वेळा वाचली. खोली रंगवली, म्हणजे काय? भिंतीला ओल आली होती म्हणून रंगवली? की मी येईन म्हणून? माझ्यासाठी असती तर तू 'तुझी खोली' लिहिलं असतंस. पण तू स्वतःहून असं कधी लिहिणार नाहीस हेही मला माहीत आहे. तू मला लहानपणी स्वेटर विणलास तोही "लोकर उरली होती" असं सांगून दिलास. तेव्हा उरलेल्या लोकरीसारखाच हा रंग असावा, असं मी धरून चाललो आहे. चुकत असेन तर कळव. नको, कळवू नकोस.

इकडे कामाची शोधाशोध चालू आहे. रोजगार कचेरीत एक तरुण बाई समोर बसल्या. माझ्या वयाची त्यांना दया आली की काय कोण जाणे, पाणी आणून दिलं. मग विचारलं, "तुम्हाला काय करायला आवडतं?"

मी म्हणालो, "मी नकाशे तपासत होतो."

"ते तुम्ही करत होतात. आवडतं काय?"

मी ते पाणी एका दमात पिऊन टाकलं. आपल्या घरात हा प्रश्न कधी निघालाच नव्हता ना? भाजी कोणती आवडते हेदेखील आईने आपल्या चेहऱ्यावरून ठरवलं. शेवटी मी म्हणालो, "तुम्ही सांगाल ते." त्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थही मला लागला नाही.

त्यांनी तीन ठिकाणी पाठवलं. रोपवाटिकेत खताची पोती उचलायची होती. दुसरं पोतं उचललं तेव्हा कंबरेने तोंड उघडलं. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांशी हसून बोलायचं होतं, मालक म्हणाला, "तुम्ही बोलता छान, पण हसताना तुम्हाला कुठे दुखतंय का असं वाटतं." तिसऱ्या ठिकाणी, ग्रंथालयात, कळवतो म्हणाले. कळवलं नाही, आणि कळवणार नाहीत हे तिथेच दिसलं होतं.

खरं सांगू का, ग्रंथालयातून बाहेर पडल्यावर मला हायसं वाटलं. मिळालं नाही की मी सुटलो, असं. म्हणजे मला यायचं आहे का? पण मग घरी पोचलो, जिन्यातला दिवा लावला, शेजारणीने दारातून विचारलं, "मिळालं का?" आणि मी "नाही" म्हणालो तेव्हा रडू फुटेल म्हणून पटकन दार लावून घेतलं. एकाच दुपारी दोन्ही. यातलं खरं कुठलं धरायचं?

तुझा,
धाकटा

२७ ऑक्टोबर

ती. ताईस,

एक काम मिळालं आहे, म्हणजे अजून कायमचं मिळालेलं नाही. चाचणीवर घेतलंय. सांगतो, पण कपाळाला आठी घालू नकोस. वृद्धाश्रम आहे. मी राहायला गेलेलो नाही, दुपारी जेवण वाढायला जातो.

मोठा दालनासारखा हॉल आहे, चौघांचं एक अशी टेबलं, खिडक्या उंच, जमिनीला रबरासारखं काहीतरी बसवलेलं, त्यामुळे चाकांच्या खुर्च्या आवाज न करता पाठीमागे येऊन उभ्या राहतात आणि आपण दचकतो. स्वयंपाकघरात एक आचारीणबाई आहेत. खांदे पैलवानाचे, आवाज त्याहून मोठा. पहिल्या दिवशी मला पांढरा एप्रन देऊन म्हणाल्या, "बांध. आणि लक्षात ठेव, सांडलं तर तुझं, उरलं तर माझं."

मला काय वाटलं सांगू? आपले अण्णा आठवले. लग्नात वाढायला उभे राहिले की धोतराचा काचा मारायचे आणि पंगतीत शिरायचे. पाहुण्याने पानावर हात आडवा धरला की ते हसत त्याच्या बोटांच्या फटीतून वाढायचे. तो "नको नको" म्हणायचा, ते "एवढं एकच" म्हणायचे, आणि शेवटी तो हात काढून घ्यायचा आणि दोघांनाही बरं वाटायचं. आपण लहान असताना ते बघून किती हसायचो. मला वाटलं, हे काम आपल्याला येतं. रक्तातच आहे.

आता ऐक.

खिडकीजवळच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ बसतात. त्यांना सगळे कप्तान म्हणतात. जहाजावर होते की फुटबॉलच्या संघात, कुणालाच ठाऊक नाही. मी त्यांना भाजी वाढली. पुन्हा फिरताना विचारलं, "आणखी?" ते म्हणाले, "नको." मी म्हणालो, "थोडीशी." ते म्हणाले, "नको, धन्यवाद." आणि त्यांनी ताटलीवर हात आडवा धरला.

ताई, हात आडवा धरला गं. माझ्या डोळ्यांसमोर अख्खी पंगत उभी राहिली. मी हसलो, त्यांचं मनगट दोन बोटांनी हलकेच उचललं, बाजूला ठेवलं आणि डाव भरून भाजी वाढली.

हॉलमधले सगळे चमचे थांबले. शेजारच्या आजीबाईंनी हातरुमाल तोंडावर धरला. कप्तान आपल्या मनगटाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. आणि मग त्यांनी ती सगळी भाजी खाल्ली, एकेक घास, माझ्यावरची नजर न काढता. शिक्षा भोगावी तशी.

मला आत बोलावलं. तिथल्या मुख्य बाई बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "त्यांनी किती वेळा नको म्हटलं?"

"दोनदा."

"मग तुम्ही का वाढलंत?"

याचं उत्तर तू देऊन बघ. मी म्हणालो, "आमच्याकडे पहिलं 'नको' लाजेचं असतं." त्या म्हणाल्या, "आणि दुसरं?" मी म्हणालो, "दुसरंही. पण तिसरं खरं असू शकतं." त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "इथे पहिलंच खरं असतं. आणि कुणाच्याही अंगाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

वीस वर्षांहून जास्त इथे राहून हे मला माहीत नव्हतं का? मी यावर चांगला विचार केला. माहीत होतं, पण पुस्तकातलं. डबा मी माझ्या मेजावर एकटा खात आलो. या देशात मी आजवर कुणाला जेवायलाच वाढलं नव्हतं.

काढून टाकतील असं वाटलं होतं. पण झालं उलटंच. कप्तान कित्येक महिने खोलीतच जेवण मागवत होते म्हणे, त्या दिवशी अपवाद म्हणून खाली आले होते. आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. दोन्ही हात ताटलीवर ठेवून, किल्ला लढवायला बसल्यासारखे.

"कुठे आहे तो दरोडेखोर?" त्यांनी हॉलभर विचारलं.

मी पुढे झालो आणि आधी माफी मागितली. ते म्हणाले, "माफी नंतर. आज काय लुटणार आहेस ते सांग."

आता रोज असंच चालतं. ते हात ठेवतात, मी लांब उभा राहून विचारतो, ते नको म्हणतात, मी डाव घेऊन पुढे जातो आणि ते पाठीमागून ओरडतात, "एवढ्यात हरलास?" आजीबाईंचं टेबल पैज लावतं. मला कधी कळत नाही की त्यांना हवंय की नकोय. मी वाढत नाही. आचारीणबाई म्हणतात, "विचारतोस एवढंच पुरे आहे त्याला. जास्त डोकं चालवू नकोस, सूप गार होतंय."

मी रात्री शांत झोपतो. हे का लिहिलं ते माहीत नाही.

तुझ्या रंगवलेल्या खोलीला रंग कोणता दिला?

तुझा,
धाकटा

९ नोव्हेंबर

ताई,

आज जे झालं ते तुलाच लिहिण्यासारखं आहे, कारण दुसऱ्या कुणाला ते समजणार नाही. मास्तरांना सांगितलं तर ते हसून हसून शाळेच्या कट्ट्यावर बसले आणि पाटी माझ्या हातात दिली. तेवढ्यात तीन मुलांना मी रस्ता ओलांडून दिला.

मुख्य बाईंनी आज जेवणं झाल्यावर बोलावलं. म्हणाल्या, "तुमची चाचणी संपली. आम्हाला तुम्ही कायम हवे आहात. आठवड्यातून चार दुपारी. परवान्यासाठी लागेल ते मी लिहून देईन."

ताई, मला हे हवं होतं. आता तर ठामपणे म्हणतो, त्या क्षणी मला हवं होतं. आणि मी तोंडाने काय म्हणालो?

"छे छे, मी कसला. मला कुठे एवढा अनुभव. एखादं तयार माणूस मिळत असेल तर तुम्ही जरूर त्यांना घ्या, माझी काही हरकत नाही."

त्या म्हणाल्या, "तुमची खात्री आहे?"

मी मान खाली घालून हसलो आणि म्हणालो, "हो हो, अगदी."

तिसऱ्यांदा विचारतील म्हणून मी थांबलो. त्या उठल्या, हस्तांदोलनाला हात पुढे केला, म्हणाल्या, "स्पष्ट सांगितल्याबद्दल आभारी आहे. आमची एक उमेदवार वाट पाहत होती." आणि मला दारापर्यंत सोडायला आल्या.

मी बाहेर जिन्यात उभा राहिलो. बराच वेळ. हाक मारतील असं वाटत होतं, ताई, खरंच वाटत होतं. एप्रन अजून अंगावर होता. शेवटी आत जाऊन तो खुंटीला लावला आणि मागच्या दाराने बाहेर पडलो, म्हणजे कप्तानांच्या खिडकीवरून जावं लागू नये.

मास्तर म्हणाले, "अरे, तू रुसलेल्या जावयासारखा वागलास! जावयाला निदान सासू तरी असते समजूत काढायला."

"पण मास्तर, लगेच हो म्हणणं म्हणजे हावरटपणा नाही का?"

"कुणाच्या हिशेबाने?"

"आपल्या."

"आपल्या म्हणजे कुणाच्या? ज्यांनी तुला हे शिकवलं त्यांना जाऊन किती काळ झाला? हे मागच्या पिढीचं नाणं आहे बाबा. तू ते इथल्या दुकानात चालवायला गेलास."

मला राग आला. मी म्हणालो, "नाणं आपल्याकडे अजून चालतं." ते म्हणाले, "चालत असेल. मी काही हल्ली गेलेलो नाही."

घरी येऊन स्वतःला तपासलं. मी नुसता संस्कारापोटी नको म्हणालो का? की तुझी ती रंगवलेली खोली मनात होती? की काम मिळालं तर निर्णय झाला असता, आणि मला निर्णयच नको होता? प्रत्येक कारण वाचताना पटतं. तीन कारणं पटली की समजावं, आपण एकही धड शोधलेलं नाही.

एक मात्र लिहून टाकतो, कारण आता लपवण्यात अर्थ नाही. तू मागे "ये" म्हणालीस आणि मी "नको" म्हणालो, तेही असंच होतं. मी वाट बघत होतो. अजून बघतो आहे. आता काम नाही, मुदत संपत आली. तू पुन्हा विचारलंस, ताई, तर मी

वाक्य पुरं होत नाही. तसंच पाठवतो.

धाकटा

२३ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र आलं. या वेळी पानभर. इतकं मोठं पत्र तुझ्याकडून आलेलं मला आठवत नाही.

तू लिहिलंस, "तुझं वाचून वाईट वाटलं. पण मागची खोली मी ऑगस्टमध्येच भाड्याने द्यायची ठरवली होती, म्हणून रंगवली. आता एक मुलगी राहते, बँकेत आहे, नीटनेटकी आहे, संध्याकाळी मला पेपर वाचून दाखवते. तू नको म्हणाला होतास ना? मी तुझ्या शब्दाला मान दिला. सारखं ये ये म्हणून तुझ्या मागे लागायचं नाही असं मी ठरवलं. मोठ्या माणसाला किती वेळा विचारायचं?"

मी पत्र घडी करून ठेवलं आणि बाहेर पडलो. खूप चाललो. आधी वाईट वाटलं. नाही, आधी राग आला. इथल्या बाईंनी मला दोनदा तरी विचारलं! माझ्या सख्ख्या बहिणीने एकदाच. असं मनात म्हणत होतो आणि लाल दिवा असताना रस्ता ओलांडत होतो. एका गाडीवाल्याने शिवी दिली. शिवी मला पहिल्या फटक्यात कळली, अर्थाचा काही घोळ झाला नाही.

मग हसू आलं. मी समजत होतो की तिथे आपली पंगत अजून मांडलेली आहे, अण्णा काचा मारून उभे आहेत आणि पानावर हात धरला तरी कुणीतरी बोटांच्या फटीतून वाढणारच. आणि तू तिकडे बसल्या जागी बदललीस. माझ्याआधी. मी परदेशात येऊन जुना राहिलो आणि तू स्वयंपाकघरातून न हलता नवी झालीस. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. म्हणजे थोडा टोमणा आहे. पण त्याखाली कौतुकही आहे, ते तू शोधून काढ.

आणि संध्याकाळी तुला कुणीतरी पेपर वाचून दाखवतं, हे वाचून मला खरंच बरं वाटलं. हे वाक्य तीनदा तपासलं. बरोबर आहे.

चालता चालता बाजारात आचारीणबाई भेटल्या. दोन्ही हातांत कांद्यांच्या जाळ्या. मला बघून जाळ्या खाली ठेवल्या. वाटलं, आता मारतात.

"पळपुट्या! एप्रन खुंटीला लावून मागच्या दाराने जातात का? चोर पण निदान काहीतरी घेऊन जातात."

"मला वाटलं, त्या पुन्हा विचारतील."

"कोण?"

"मुख्य बाई."

"त्यांना ऐंशी माणसं सांभाळायची असतात. तुझ्या मनात काय आहे ते ओळखायला त्यांनी अजून एक बाई नेमावी का?"

मी विचारलं, "नवीन आल्या आहेत त्या कशा आहेत?"

"चांगली आहे. चटपटीत. कप्तान नको म्हणाला की ती पुढच्या टेबलावर जाते. तो तिच्यावर खूश आहे, एकदाही ओरडत नाही. चार दिवस झाले, खोलीतच जेवतोय."

मी खाली वाकून त्यांची एक जाळी उचलली.

"दुपारची जागा भरली," त्या म्हणाल्या. "पण सकाळच्या न्याहारीला माणूस टिकत नाही. लवकर उठावं लागतं, म्हणून. चार सकाळी रिकाम्या आहेत. मी तुला सांगितलं असं सांगू नकोस. आणि तुला बोलावणं येईल म्हणून वाट बघत बसू नकोस. येणार नाही. जाऊन माग."

माग. ताई, आपल्या घरात मागणं काय होतं ते तुला ठाऊक आहे. पाहुण्यांकडे पाणीसुद्धा मागायचं नाही. तहान लागली तर आई आपल्याकडे बघायची आणि आपण "नाही लागली" म्हणायचो. 'मागितलं की मोल गेलं' असं अण्णा म्हणायचे. मी नोकरीसुद्धा मागितली नव्हती, कॉलेजातून निवडून नेलं होतं. उभ्या जन्मात मी कुणाकडे तोंड उघडून काही मागितल्याचं आठवत नाही. याचा मला अभिमान होता. आज त्या अभिमानाकडे लाल पेन्सिल घेऊन बघतोय आणि रेघ सरळ आहे की वाकडी हे कळत नाही.

मला राहायचं आहे, ताई. हे लिहायला दोन महिने लागले. का राहायचं आहे, ते विचारू नकोस. हे गाव काही माझं नाही. इथलं कुणी माझी वाट बघत नाही. एक म्हातारे गृहस्थ आहेत, तेही नकोच म्हणण्यासाठी. तुझी आठवण येते. परत यायलाही आवडलं असतं. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असलं तरी पाऊल एकाच दिशेला टाकता येतं, एवढंच आज कळलं. तेही कदाचित उद्या कळेनासं होईल, म्हणून आजच लिहून ठेवतो.

तुझ्याकडेही एक मागायचं आहे. इथे सराव करून घेतो. मला उन्हाळ्यात महिनाभर तुझ्याकडे राहायला यायचं आहे. मागची खोली नको, त्या मुलीची आहे. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपेन. तुला अडचण होईल का, असं मी विचारत नाही. होईलच. मला येऊ दे. नको असेल तर नको म्हण, मी ते नकोच समजेन. आणि हो असेल तर, कृपा करून, पहिल्याच पत्रात हो म्हण.

मास्तरांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाईंपुढे गेल्यावर पहिलं वाक्य काय म्हणशील, म्हणून दाखव." मी म्हणालो, "नमस्कार, आपल्याला वेळ असेल तर, आणि गैरसोय होणार नसेल तर..." त्यांनी पाटी उचलली आणि माझ्यासमोर आडवी धरली. "थांब. पुन्हा." सात-आठ वेळा म्हणून घेतलं. शाळा सुटून मुलं आमच्याभोवती उभी राहिली होती. शेवटी दोनच शब्द उरले, तेव्हा त्यांनी पाटी खाली घेतली.

मला अजून भीती वाटते की ऐनवेळी तोंडातून "छे छे" निघेल.

तुझा,
धाकटा

उद्या: न्याहारी मांडायच्या आत मुख्य बाईंना गाठणे आणि म्हणणे, "काम हवंय."